बंड्याची पगडी

सकाळी साडेसहा

फोटोकडे पहिली नजर एकदाच टाकता येते. म्हणून विद्यार्थ्याचा फोटो आला की सोबतचा निरोप मी आधी वाचत नाही. फोटो उघडायचा, चार-पाच सेकंद पाहायचा, बंद करायचा आणि जे आठवतं ते वहीत लिहायचं. चहा त्यानंतर.

आजचा फोटो सदाशिव पेठेतल्या वह्या-पेनांच्या एका जुन्या दुकानातला आहे. गल्ल्यामागे स्टुलावर काळा गावठी कुत्रा बसवलाय. डोक्यावर पुणेरी पगडी, नाकावर गोल काचांचा चष्मा, पुढ्यात उघडलेली कीर्दवही. मागच्या भिंतीवर पाटी: 'दुकान १ ते ४ बंद. हाका मारू नयेत.'

मी हसले, चांगलं मोठ्यानं. वहीत पहिली नोंद तीच केली. विनोदी फोटोवर अभिप्राय द्यायला बसलेल्या माणसानं आपल्याला हसू आलं की नाही हे आधी प्रामाणिकपणे लिहून ठेवावं. नंतर तांत्रिक चुका दिसायला लागल्या की ते विसरलं जातं आणि बिचाऱ्या फोटोला त्याच्या हक्काचं श्रेय मिळत नाही. दुसरी नोंद: हसू लगेच थांबलं. तिसरी: पगडी आठवते, पाटी आठवते, कुत्र्याचा चेहरा आठवत नाही.

मग निरोप वाचला. 'मॅडम, हा आमचा बंड्या. परवा स्पर्धेची शेवटची तारीख आहे, विनोदी विभागात पाठवू का? संध्याकाळी वर्गात सगळ्यांसमोर बोललात तरी चालेल.'

म्हणजे आजचा दिवस बंड्याचा.

सकाळी आठ

मोठ्या पडद्यावर फोटो पूर्ण आकारात उघडला. आता घाई नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून मी इंच-इंच खाली येते.

पाटीतला 'दु' चौकटीबाहेर गेलाय, त्यामुळे आधी 'कान १ ते ४ बंद' असं वाचलं जातं. स्टुलाच्या मागे निळी प्लास्टिकची बादली आहे. फोटो उभ्यानं, वरून काढलाय, त्यामुळे शेठजी गल्ल्यावर बसलेत असं न वाटता कोणीतरी कुत्र्याकडे खाली वाकून पाहतंय असं वाटतं. फ्लॅश थेट समोरून मारलाय. चष्म्याच्या दोन्ही काचांवर त्याचे पांढरे गोळे उमटलेत आणि चष्मा घसरल्यामुळे वरून दिसणारा डावा डोळा हिरवट चमकतोय. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. अंधारात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं ते त्यामुळे, आणि समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये तो भुतासारखा दिसतो तोही त्यामुळेच. चौकटीत काळा कुत्रा आणि पांढरी पाटी असली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक दोघांमध्ये तडजोड करू पाहतो. इथे पाटी जिंकलीय आणि बंड्याचा चेहरा काळ्या डागात गेलाय.

एवढं कुठल्याही होतकरू फोटोत असतं आणि शिकवता येतं. हसू थांबलं ते यामुळे नाही.

सावल्या थोड्या उजळल्या तेव्हा कारण सापडलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्याची चंद्रकोर दिसतेय. मान समोर ठेवून नजर बाजूला वळवली की ती दिसते, आणि कुत्रा सहसा असं करतो ते त्याला तिथून निघायचं असतं तेव्हा. कान मागे चपटे झालेत. जिभेचं टोक नाकाला लागलंय. पगडी घसरू नये म्हणून हनुवटीखालून इलॅस्टिक बांधलंय आणि त्यानं गळ्यावरच्या केसात खाच पाडलीय. नॉर्वेच्या तुरीद रुगोस या प्रशिक्षिकेनं कुत्र्यांच्या या खाणाखुणांवर आयुष्यभर काम केलं: जीभ नाकाला लावणं, जांभई देणं, तोंड फिरवणं. समोरचा ताण कमी व्हावा म्हणून कुत्रा हे करतो, असं त्या सांगतात. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला पुस्तक न वाचताही यातलं बरंचसं कळतं. फक्त हातात कॅमेरा आला की ते दिसेनासं होतं.

माझ्या डोळ्यांनी ती चंद्रकोर पहिल्या पाच सेकंदांतच टिपली होती, फक्त ती काय आहे हे समजायला आता आठ वाजले.

सकाळी साडेनऊ

फोन केला. अभिप्राय देण्याआधी मी नेहमी विचारते, फोटो काढला कसा? उत्तरात अर्धा अभिप्राय विद्यार्थी स्वतःच देतो.

"पगडी पणजोबांची, मॅडम. चष्मा आजोबांचा. मामानं बंड्याला धरून ठेवलं होतं आणि मी 'एक दोन तीन' म्हटलं की तो बाजूला व्हायचा. क्रीमची बिस्किटं दिली, चॉकलेटची, तरी बसेना."

"चॉकलेट बंद. अगदी बंद." हे मी मध्येच तोडून सांगितलं, कारण ही गोष्ट संध्याकाळपर्यंत थांबू शकत नाही. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या अंगातून फार सावकाश उतरतं. मात्रा जास्त झाली तर जीवावर बेततं. द्राक्षं, बेदाणे आणि कांदाही वर्ज्य. मग विचारलं, "एरवी बंड्या दुपारी कुठे असतो?"

"दुकानातच. एक वाजता बाबा शटर अर्धं खाली ओढतात, की हा उडी मारून त्यांच्या गादीवर. मेजावर हनुवटी टेकतो आणि झोपतो. कुणी बाहेरून हाक मारली तर एक डोळा उघडून बघतो आणि परत मिटतो."

मी म्हटलं, "हे तू मला आत्ता सांगतोयस?"

त्यालाही बहुतेक तेव्हाच कळलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आज दुपारी येता का?"

सकाळी साडेअकरा

संध्याकाळच्या वर्गासाठी कपाटातून पुस्तकं काढली. विनोदासाठी प्राणी सजवून बसवणं ही मोबाइलच्या काळातली टूम नाही. छायाचित्रण पन्नाशीचंही झालं नव्हतं तेव्हापासून हे चालू आहे, आणि त्यातल्या थोरांनी आपापले प्रश्न कसे सोडवले हे मुलांना दाखवल्याशिवाय मला त्यांच्याशी या विषयावर बोलता येत नाही.

पहिला इंग्लंडमधल्या ब्रायटनचा हॅरी पॉइंटर. सुरुवातीला तो मांजरांचे साधे फोटो काढायचा, दूध पिताना, झोपलेली. १८७०च्या सुमारास त्याला उमगलं की मांजर तीनचाकी सायकलवर बसवलं, चहाच्या टेबलाशी बसवलं, कॅमेऱ्यामागे उभं केलं की लोक वेड्यासारखे विकत घेतात. खाली एखादी शुभेच्छेची ओळ छापली की झालं भेटकार्ड. १८८४पर्यंत अशी सुमारे दोनशे चित्रं त्यानं तयार केली होती. त्यातली काही मला आजही आवडतात. आवडतात ती बहुतेक अशी, ज्यांत मांजराला वस्तूची उत्सुकता वाटलेली दिसते.

दुसरा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा हॅरी व्हिटियर फ्रीस. घरगुती समारंभात एक कागदी टोपी हातोहात फिरत मांजराच्या डोक्यावर गेली आणि त्यानं फोटो काढला, अशी त्याच्या कामाची सुरुवात सांगतात. मग मांजरीची पिल्लं झगे घालून कपडे वाळत घालताना, स्वयंपाक करताना, शाळेत जाताना. १९१५च्या पुस्तकात त्यानं आवर्जून लिहिलं की हे सगळं जिवंत प्राण्यांसोबत, केवळ धीर आणि माया यांच्या जोरावर केलंय. त्याचं एक्स्पोजर सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचं असायचं. एक पंचमांश सेकंद! तेवढ्यात पिल्लू मान वळवून, जांभई देऊन मोकळं होतं. म्हणून त्याच्या काचेच्या निगेटिव्हांपैकी मोठा भाग वाया जायचा आणि या कामाचा त्याला स्वतःलाच इतका ताण यायचा की वर्षातले थोडेच महिने तो फोटो काढायचा. कपडे मागून टाचण्या लावून बसवलेले असत आणि त्या ताठ कापडाचा आधार पिल्लाला उभं धरायला होई. हे कळल्यापासून ते झगे मला निराळे दिसतात. त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवायचा नाही मला, पण पिल्लांच्या डोळ्यांकडे मी आता जास्त वेळ पाहते.

विल्यम वेगमनपाशी आलं की श्वास मोकळा होतो. १९७० साली त्याच्या घरी वायमरानर जातीचा करडा कुत्रा आला. नाव ठेवलं मॅन रे, थोर छायाचित्रकाराचं. वेगमन स्टुडिओत काम करायचा तेव्हा हा कुत्रा मध्ये मध्ये यायचा, आणि बांधून ठेवला तर रडायचा. म्हणून तो कामातच सामील झाला. पुढे वीस बाय चोवीस इंचांच्या प्रचंड पोलरॉइड कॅमेऱ्यानं काढलेली त्याची चित्रं जगभर गेली. १९८२मध्ये मॅन रे वारला, तेव्हा न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'नं त्याला 'मॅन ऑफ द इयर' ठरवलं. वेगमनच्या कुत्र्यांनीही झगे घातले, टोप घातले, हे खरं. पण त्या कुत्र्यांची चर्या पाहा. ते कामावर आलेत. त्यांना उंचावर बसायला आवडतं, थांबायला येतं, आणि वेगमन त्यांच्या गंभीरपणाभोवती सगळं रचतो. आपल्याला हसू येतं ते त्या गंभीरपणामुळे. पोशाख फक्त निमित्त.

शेवटी एलियट अर्विट. १९७४, न्यूयॉर्क. चौकटीत डावीकडे एका मोठ्या कुत्र्याचे नुसते पुढचे पाय, शेजारी बाईचे बूट, आणि उजवीकडे लोकरीची टोपी घातलेला चिमुकला चिवावा. फोटो बुटांच्या जाहिरातीसाठी होता, म्हणजे रचलेलाच. टोपी आहेच त्यात. पण अर्विटनं कॅमेरा जमिनीलगत नेला आणि माणसाला गुडघ्याखाली छाटून टाकलं. जग चिवाव्याच्या उंचीवर आलं. विनोद तिथे आहे.

आज मला हा फोटो सर्वांत जास्त उपयोगी पडणार.

दुपारी एक ते चार

लक्ष्मी रोडवरून आत वळलं की गर्दीचा आवाज एकदम मागे पडतो. दुकान गल्लीच्या सावलीत आहे. पुलंनी अजरामर केलेला पुणेरी दुकानदार आता शहरात शोधावा लागतो, पण दुपारची ही वामकुक्षी या गल्लीत अजून टिकून आहे. विद्यार्थ्याच्या वडिलांनी "या मॅडम" म्हणत माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि घड्याळाकडे पाहून बरोबर एक वाजता शटर अर्ध्यावर ओढलं.

बंड्या आला. मला हुंगलं, कॅमेऱ्याची पिशवी हुंगली, आणि काल ज्या स्टुलावर बसवलं होतं त्याला लांबून वळसा घालून गादीवर चढला. तो वळसा मी विद्यार्थ्याला दाखवला. काही बोलले नाही. त्यानं स्टूल उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं आम्ही कॅमेरा बाहेरच काढला नाही. मी त्याला फक्त पाहायला सांगितलं आणि विचारत राहिले. प्रकाश कुठून येतोय? शटरच्या खालून, म्हणजे मेजाच्या उंचीवरून, आडवा, मऊ. मग फ्लॅश कशाला हवा? पाटी कुठे आहे? उंच. बंड्या कुठे आहे? खाली. दोघं एका चौकटीत यायचे तर कोण हलणार? तो म्हणाला, "पाटी." इथून पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही.

पाटी खिळ्यावरून काढून गादीमागच्या कपाटाला टेकवली. बादली गेली. कीर्दवही उघडून मेजावर ठेवली, नेहमी जिथे बंड्याची हनुवटी टेकते तिथे, आणि त्यानं ती हुंगून पाहीपर्यंत कुणी हात लावला नाही. काळा चेहरा उजळायला दुकानातलाच पांढरा कार्डशीट उलट्या बाजूला उभा केला. त्यानं परतवलेला उजेड काळ्या केसांवर इतका सुंदर उतरला की गालावरचे उदी केस पहिल्यांदाच दिसले. प्रकाश मोजायचा तो बंड्याच्या गालावर, पाटीवर नाही. शटर स्पीड एक अडीचशेवा, छिद्र एफ ४, आयएसओ १६००. थोडा रवाळपणा येईल, येऊ दे. झोपाळू कुत्रा एक पापणी उघडतो ती हालचाल पकडायची तर वेग हवाच. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. आणि छायाचित्रकारानं जमिनीवर बसायचं, कॅमेरा मेजाच्या कडेला, बंड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

तो फरशीवर मांडी घालून बसला. मामाही आले होते आणि सवयीनं पुढे झाले. मी म्हटलं, "आज तुम्ही त्याला हात लावायचा नाही. तो उठून गेला तर जाऊ द्यायचं." मामांना ते पटायला वेळ लागला. माणूस कुत्र्यावर कितीही माया करत असो, कामाच्या वेळी त्याला उचलून हवं तिथे ठेवायचा मोह त्याला होतोच.

पगडीचा प्रश्न विद्यार्थ्यानंच काढला. "पगडी मेजावर नुसती ठेवू?" ठेवून पाहिली. सुंदर दिसत होती. २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिची एक ऐट आहे. चौकटीत आली की नजर तिच्याकडेच जाते. तिला काढावं लागलं. पाटी पुणेरी, कीर्दवही पुणेरी, वेळ पुणेरी. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली की विनोद ओरडायला लागतो. चष्म्याचा विचार कुणीच केला नाही.

पण एक उणीव राहिली होती. झोपलेला कुत्रा आणि 'बंद'ची पाटी हा छान प्रसंग झाला. त्याला अजून गोष्ट नाही. गोष्टीला गिऱ्हाईक हवं. शेजारच्या काकूंना बोलावलं. त्यांनी शटरखालून फक्त हात आत घालायचा, हातात घडी घातलेली नोट आणि मनगटावर कापडी पिशवी. नेमकी हाक विद्यार्थ्याच्या आजींना सुचली: "अहो, एक दुरेघी वही मिळेल का?"

बंड्याला काकू ओळखीच्या. पहिल्या हाकेला शेपूट हलली, चेहरा चौकटीबाहेर गेला. दुसऱ्या वेळी तो उठून काकूंना चाटून आला आणि अर्धा तास परत मेजाकडे फिरकला नाही. आम्ही चहा घेतला. वडिलांनी कागदाच्या जुन्या भावांच्या गोष्टी सांगितल्या. विद्यार्थी फरशीवरून उठला नाही. हे मला दिवसभरातलं सर्वांत मोलाचं वाटलं. काल त्याच्या हातात कुत्रा होता तरी फोटो नव्हता. आज समोर कुत्राच नव्हता, पण तो योग्य जागी बसून राहिला होता.

तीनच्या पुढे बंड्या परतला. गादीवर दोन गिरक्या घेतल्या, वहीवर हनुवटी टेकली, सुस्कारा सोडला. आजींनी खूण केली. काकूंचा हात आत आला. हाक. डावी पापणी उघडली, नजर नोटेवर गेली, भुवई किंचित वर चढली, आणि पापणी मिटली.

कॅमेऱ्याची टकटक संपल्यावर आजी म्हणाल्या, "अगदी तुझ्या आजोबांसारखा बघतो." बंड्याला पोळीचा तुकडा मिळाला, आणि मग उरलेली पोळीही.

संध्याकाळी पाच

घरी येऊन एका लग्नाच्या अल्बमची निवड संपवली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी सहा

वर्गात आधी पहिलाच फोटो लावला. विद्यार्थ्याची परवानगी होती. सगळे हसले. "क्यूट आहे", "एकदम भारी". मग मी विचारलं, फोटोत काय दिसतं ते सांगा. आवडलं की नाही ते नंतर. ही शिस्त मी कधी सोडत नाही. 'छान' हा शब्द छायाचित्रकाराला आनंद देतो, पण उद्या काय करू हे सांगत नाही. एकेक जण सांगत गेला. पाटी, बादली, चमक. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घरी दोन कुत्री आहेत, हळूच म्हणाली, "तो घाबरलाय." यानंतर त्या फोटोवर कुणी हसलं नाही, आणि मला त्यांना कुठलंही व्याख्यान द्यावं लागलं नाही.

मग दुपारचा फोटो. हशा पुन्हा आला, वेगळा. आधी पाटी वाचल्यावर एक, मग नोट दिसल्यावर दुसरा, आणि सर्वांत शेवटी उघडा डोळा सापडल्यावर तिसरा. चौकटीत नजर फिरते तसतशी गोष्ट उलगडते.

वाद झाला, आणि चांगला झाला. एक जण ठामपणे म्हणाला की पगडी हवीच होती, तिच्याशिवाय लांबून पाहणाऱ्याला फोटो पकडणार नाही. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मोबाइलच्या इवल्या पडद्यावर पगडी जिंकेल. पण हा फोटो भिंतीवर लागणार आहे. दुसऱ्यानं छायाचित्रकार हालस्मनचं 'डाली अ‍ॅटोमिकस' काढलं. १९४८चं चित्र, हवेत उडणारी मांजरं, हवेत पाणी, हवेत स्वतः साल्वादोर डाली. मनासारखं जमेपर्यंत मांजरं पुन्हा पुन्हा फेकली गेली होती. "ते तर महान चित्र मानतात ना, मॅडम?" मानतात. त्याची रचना मलाही थक्क करते. तरी माझ्या वर्गात ते मी अनुकरणासाठी ठेवणार नाही, आणि कुणी आज तसं करून आणलं तर त्याच्या रचनेवर बोलायलाही बसणार नाही. हे मी मोकळेपणानं सांगितलं.

कायद्याचा विषय निघाला. १९६०चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला मूळ दंड दहा ते पन्नास रुपये. सिनेमा-जाहिरातीत प्राणी वापरायचा तर २००१च्या नियमांनुसार नोंदणी लागते. घरातल्या कुत्र्याला पगडी बांधून फोटो काढणाऱ्याच्या दारात कुणी अधिकारी येत नाही. तिथे कुत्र्याच्या बाजूनं उभं राहणारा एकच माणूस असतो, कॅमेऱ्यामागचा.

कुणाला तरी हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग आठवला. तीही रचनाच होती. पण त्या कुत्र्यानं केलं काय? एका मुलाच्या मागे मागे चालला, बस. कुत्रं जे आनंदानं करतं तेच त्याला करू दिलं, म्हणून २००३च्या सुमाराची ती जाहिरात आजही लोकांच्या तोंडी आहे. नंतर घरोघरी पग आले, आणि चपट्या नाकाच्या त्या जिवांची आपल्या उन्हाळ्यात श्वास घेताना होणारी तडफड पशुवैद्यांच्या दारात दिसू लागली. फोटो लोकांच्या घरापर्यंत असा पोचतो. मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "मग बंड्याचा फोटो पाहून कुणी गावठी पिल्लू घरी आणलं तर?" मला याहून चांगलं बक्षीस सुचत नाही.

रात्री साडेनऊ

लेखी अभिप्राय मी त्याच रात्री देते. वर्गात बोललेलं हवेत विरतं. विद्यार्थ्याला दोन महिन्यांनी काढून वाचता येईल असं काही हातात हवं. आजचा असा लिहिला:

'कल्पना पहिल्या फोटोतही उत्तम होती आणि ती तुझ्या घरातली, तुझ्या डोळ्यांनी टिपलेली होती. पाहून मी मोठ्यानं हसले, हे श्रेय तुझं.

दुसऱ्या फोटोत तू जागा, उजेड, पाटी आणि हात रचलास. डोळा बंड्यानं त्याच्या मर्जीनं उघडला. प्राण्यांचे फोटो रचताना कामाची वाटणी कायम हीच ठेव. वस्तू तू मांड, कृती त्याला करू दे, आणि तो उठून गेला तर त्या दिवशी फोटो नाही.

डावीकडून थोडं काप, म्हणजे काकूंची पिशवी कडेला येईल. नोटेवरचा उजेड जरा दाब, डोळ्यापेक्षा ती उजळ आहे. डोळ्याला मात्र हात लावू नकोस. केसांवरचा रवा तसाच ठेव. गुळगुळीत केलास तर गालावरचे उदी केस जातील.

प्रिंट बारा बाय अठरा इंच, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर काळा रंग आरशासारखा होतो. शीर्षक देऊ नकोस, पाटी आहेच. अर्जात 'रचलेले छायाचित्र' असं स्पष्ट लिही आणि काकूंच्या हाताचा उल्लेख कर. योगायोगानं मिळालं असं भासवलंस तर दुपारच्या तुझ्या त्या बसण्याचा तूच अपमान करशील.

पहिला फोटो स्पर्धेला पाठवू नकोस, पुसूही नकोस. पुढच्या गुरुवारी दोन्ही प्रिंट घेऊन ये, नव्या बॅचला आधी तो दाखवायचा आहे. मामांनाही आण. त्यांच्याकडे धीर आहे; हात आवरायला शिकले तर तुला इतका चांगला सहायक दुसरा मिळणार नाही.'